घागरवाल्या संताची प्रभावळ

मंगळवार, ३ मार्च

आजपासून आठकोनीच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत. पुस्तकांत तिला बाप्तिस्मागृह म्हणतात, पण आमच्या पिएवेलुंगा गावात कुणालाही विचारा, सगळे आठकोनीच म्हणतात. मोठी किल्ली माझ्या पंजाहून लांब आहे. दार मात्र तिनं उघडत नाही, शेजारच्या पिवळ्या चपट्या किल्लीनं उघडतं. "मोठी फोटोसाठी," महापौर तानक्रेदी म्हणाले आणि ती माझ्या हातात देताना त्यांनी लगेच फोटो काढून घेतला.

काम सहा महिन्यांचं आहे. भिंतीवरची चित्रं साफ करून घ्यायची आणि शेवटी दाराशी नवा माहितीफलक लावायचा. फलकाचा मजकूर मी लिहायचा आहे. आजच्या फलकावर एवढंच आहे: "फार प्राचीन. आत थुंकू नये." आठशे-नऊशे वर्षं या गावातलं प्रत्येक मूल इथल्या कुंडात भिजलं आणि त्याबद्दल आम्हाला सांगण्यासारखं एवढंच सापडलं! माझ्या फलकावर फक्त सत्य असेल. साधं, स्वच्छ आणि सगळ्यांना कळेल असं.

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. पपा प्लंबर, त्यांचे वडील प्लंबर, त्यांचे वडील विहिरी खणायचे. आमच्याकडे पदवीधराला डॉक्टर म्हणायची रीत आहे आणि पपा ती जेवतानासुद्धा सोडत नाहीत. आज म्हणाले, "डॉक्टरीणबाई, चीज इकडे सरकवा." मम्मा म्हणाली, "ओरेस्ते, पोरीला जेवू दे." पपा म्हणाले, "जेवू देतोच आहे. पण आदरानं."

घरात आनंदाचं आणखी एक कारण आहे, मात्र ते मोठ्यानं बोलता येत नाही. प्रीमो गिरेत्ती गेल्या महिन्यात वारले. गावच्या संत ब्रोक्कोच्या मिरवणुकीत घागर उचलायचा मान प्लंबरांच्या मंडळातल्या एकाला तहहयात असतो आणि प्रीमोंनी तो त्र्याण्णव वर्षांचे होईपर्यंत सोडला नाही. दर हिवाळ्यात पपा त्यांच्या तब्येतीची चौकशी करायला जायचे आणि ठणठणीत असल्याचं ऐकून जड पावलांनी परत यायचे. आता पाळी पपांची. जूनमध्ये संताच्या दिवशी ते घागर घेऊन चालतील आणि त्याच पाण्यानं माझी बहीण ऑर्नेल्ला हिच्या बाळाचा बाप्तिस्मा होईल. धर्ममाता मी.

बाळाला अजून नाव नाही. पपांना ब्रोक्को हवंय, ऑर्नेल्लाला केव्हिन.

बुधवार, ११ मार्च

परांची उभी राहिली. आज पहिल्यांदा दक्षिणेकडचं मोठं चित्र जवळून पाहिलं. येशू छातीपर्यंत पाण्यात उभा आहे. त्या काळच्या चित्रकाराला पाणी सपाट दाखवायचं माहीत नव्हतं, म्हणून ते गवताच्या गंजीसारखं उभं रचलंय आणि त्यात मासे अडकलेत. एका बाजूला योहान, दुसऱ्या बाजूला देवदूत हातांवर वस्त्रं घेऊन थांबलेत, अंग पुसायला. आणि खाली कोपऱ्यात आमचा संत ब्रोक्को: पांढरी दाढी, अंगावर चिंधीही नाही, काखेत पाण्याची घागर, चेहरा घाबरून मागे वळलेला.

त्याची गोष्ट इथल्या लहान मुलांनाही पाठ असते. गावाला वेढा पडला, विहिरी आटल्या, तेव्हा ब्रोक्कोनं शत्रूच्या पहाऱ्यातून घागरभर पाणी आणलं. कपडे त्यानं वाटेत गरिबांना दिले आणि गावच्या बायका समोर आल्या म्हणून लाजून मान वळवली. मुतखडा, अडलेलं बाळंतपण आणि गळका नळ या तिन्हींवर त्याचा इलाज चालतो. त्याच्या पायाला हात लावून लावून तिथला रंग गेलाय, खालची वीटसुद्धा खोलगट झालीय. ऑर्नेल्लाच्या बाळंतपणाच्या वेळी मम्मा तर रोज जायची. मी तिला सांगितलं होतं की बोटांच्या घामानं चित्र खराब होतं. ती म्हणाली, "तुझ्या वेळीपण लावला होता हात. खराब झालीस का?"

डोक्यामागची प्रभावळ मात्र पत्र्याची आहे, चार खिळ्यांनी ठोकलेली. गंमत म्हणजे पत्र्याच्या आसपास कुठंही रंगवलेल्या प्रभावळीची खूण नाही. बाकी सगळ्या संतांना ती सोनेरी रंगात आहे. चित्रकार एकालाच विसरला?

गुरुवार, १९ मार्च

आज सेंट जोसेफचा दिवस, म्हणजे आमच्याकडे वडिलांचा. पपांसाठी मलईचे तळलेले वडे घेऊन घरी आले तर पपा मागच्या अंगणात फ्लशची जुनी टाकी पाण्यानं भरून खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होते.

"घागर डाव्या खांद्यावर," ते म्हणाले, "आणि थेंब सांडायचा नाही. ज्याच्या दारात सांडला त्याचे नळ वर्षभर गळतात."

"म्हणून प्रीमोकाका दर वर्षी सांडायचे का?" मी विचारलं.

"प्रीमो धंद्याचा माणूस होता," पपा म्हणाले. "मी सांडणार नाही. झाम्ब्रेल्लींच्या घरातला पहिला माणूस घागर उचलतोय. आजोबांना नाही मिळाली, बापाला नाही मिळाली. एक फेरी आणखी मारतो. वेळ मोज."

वेळ मोजली. पपांचा चेहरा पाहून मला माझा पदवीदान समारंभ आठवला. तेव्हाही त्यांचा चेहरा असाच होता, फक्त खांद्यावर टाकी नव्हती.

बुधवार, ८ एप्रिल

घाईत लिहितेय, अक्षर खराब येईल.

सफाईसाठी आज पत्र्याची प्रभावळ काढली. खाली शतकांची काजळी होती. कारागिरांनी ओल्या कापसानं ती टिपली आणि हळूहळू अक्षरं वर आली. मूळ चित्रकाराच्या हातची, लाल रंगातली, लॅटिन. JORDAN मधल्या पहिल्या अक्षराऐवजी त्या काळच्या रीतीनं I, पण शंकेला जागाच नाही. जॉर्डन!

हा संत नाहीच. ही नदी आहे. ज्या नदीत येशूचा बाप्तिस्मा झाला तिलाच जुने चित्रकार घागर घेतलेल्या म्हाताऱ्याच्या रूपात दाखवायचे. देव पाण्यात उतरताना पाहून नदी घाबरली आणि मागे फिरली अशी समजूत होती, म्हणून त्यानं मान वळवलीय. लाजून नव्हे! घागर, दाढी, नागडेपणा, सगळ्याचा अर्थ लागला. हे मी दुसऱ्याच वर्षाला शिकले होते आणि लहानपणापासून रोज समोर असूनही मला दिसलं नव्हतं, कारण मध्ये पत्रा होता.

धावत घरी गेले. पपा सिंकखाली पाठीवर झोपून काम करत होते. मी सगळं सांगितलं. आतला पाना फिरायचा थांबला. नुसते बूट दिसत होते.

मग आतून आवाज आला, "म्हणजे ब्रोक्को नाहीच?"

"कधीच नव्हता, पपा! ती जॉर्डन नदी आहे. देवाला पाहून मागे फिरलेली!"

"नदी मागे फिरली?"

"हो!"

"प्रेशर उलटं आलं तर होतं तसं," ते म्हणाले आणि थोड्या वेळानं विचारलं, "नदीचा सण कुठल्या तारखेला असतो?"

नदीला सण नसतो, मी म्हणाले. पपांना या विषयात इतका रस वाटेल असं मला वाटलं नव्हतं. जेवताना त्यांनी मला एकदाही डॉक्टरीणबाई म्हटलं नाही, नक्कीच विचार करत असणार.

शुक्रवार, १० एप्रिल

फादर आत्तीलिओंना आठकोनीत बोलावून अक्षरं दाखवली. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुसला आणि म्हणाले, "हं. छान साफ केलंय."

"फादर, हा संत नाही!"

"नाहीच."

"तुम्हाला माहीत होतं?"

"माझ्या आधीच्या फादरांनी मला सांगितलं, त्यांना त्यांच्या आधीच्यांनी. निवेस, चर्चच्या संतांच्या यादीत ब्रोक्को कुठं सापडतो का हे मी इथं आलो त्या आठवड्यातच पाहिलं होतं. बटाटा सापडला असता एक वेळ."

"आणि तुम्ही दर वर्षी त्याची मिरवणूक काढता!"

"मी काढत नाही. ती निघते. मी पुढं चालतो." मग ते जवळ आले. "पोरी, एक विनंती. पत्रा जूनपर्यंत परत लाव. सण होऊ दे, ओरेस्तेला चालू दे. मग तुझा फलक लिही. वाचायला कोण येणार आहे? जर्मन पर्यटक."

मला धक्का बसला. ज्यांनी मला धर्मशिक्षणाचं पहिलं प्रश्नोत्तराचं पुस्तक शिकवलं, खोटं बोलणं पाप आहे म्हणून कान धरला, ते धर्मगुरू मला पत्रा लावायला सांगतात? सत्य जूनपर्यंत थांबत नसतं. पपांची काळजी त्यांनी करू नये. माझ्या शिक्षणासाठी पपांनी वीस वर्षं दुसऱ्यांची गटारं उपसली, ती काही मी पत्रा ठोकावा म्हणून नव्हे.

संध्याकाळी बिशपांच्या कार्यालयाला आणि महापौरांना अहवाल पाठवला. आनंदाची बातमी उशिरा कशाला सांगायची?

शुक्रवार, २४ एप्रिल

नगरपालिकेच्या सभागृहात माझं व्याख्यान झालं. इतकी गर्दी होईल असं वाटलं नव्हतं. पपा पहिल्या रांगेत, लग्नातला सूट घालून.

मी अर्धा तास बोलले. इमारतीला आठच बाजू का, सात दिवसांत जग झालं आणि आठवा दिवस नव्या जन्माचा, इथपासून ते लाल अक्षरांपर्यंत. शेवटी म्हणाले, "तेव्हा मित्रहो, आपण ज्याला संत ब्रोक्को समजतो तो कधी जन्मलाच नाही."

टाळ्या वाजल्या. वाजवणारे एकटे पपा होते.

मग बेकरीवाली योलांदा उभी राहिली. "माझ्या नवऱ्याचा मुतखडा कुणी पाडला मग? तुझ्या प्राध्यापकानं?"

"योलांदाताई, वैद्यकीयदृष्ट्या पुष्कळ पाणी प्यायल्यानं—"

"तो जन्मात पाणी प्यायला नाही! लाम्ब्रुस्को वाइन पितो!"

मागून कुणीतरी ओरडलं, "नदीच आहे तर ती जॉर्डनच कशावरून?"

"तसं लिहिलंय," मी म्हणाले.

"लिहायचं काय, कुणीही लिहील. आठकोनी आमची, भिंत आमची, पाणी स्कुरोचं. म्हातारा म्हणजे स्कुरो नदी!"

यावर सभागृहात पहिल्यांदा खऱ्या टाळ्या पडल्या. आमची स्कुरो ऑगस्टमध्ये पायमोजे न भिजवता ओलांडता येते. मी समजावून सांगायला लागले, पण महापौर तानक्रेदी ध्वनिक्षेपकापाशी आले होते. ते म्हणाले की डॉक्टरीण झाम्ब्रेल्लींनी गावाला अंधश्रद्धेतून मुक्त केलंय, त्याबद्दल आभार. आता नदी कुठली हा तपशील लोकशाही मार्गानं ठरवता येईल, कारण जॉर्डन परदेशात आहे आणि परदेशी नदीवर नगरपालिकेला खर्च करता येत नाही.

मतदान तिथंच झालं. स्कुरो बहुमतानं जिंकली. विरोधी पक्षानं पो नदीला मत दिलं, कारण ती मोठी आहे.

घरी येताना पपा म्हणाले, "छान बोललीस." थोडं चालून पुन्हा म्हणाले, "एकही शब्द अडखळला नाही."

मंगळवार, ५ मे

बिशपांच्या सचिवांचा फोन आला. अहवालाबद्दल बिशप फार प्रसन्न आहेत. जो संत नाही त्याची मिरवणूक चर्चला काढता येणार नाही, तेव्हा यंदापासून ती बंद. पत्र्याची प्रभावळ पुन्हा लावू नये. मी आभार मानले. सत्याची दखल इतक्या वर घेतली गेली याचा मला खरोखर अभिमान वाटला. साधारण दुपारपर्यंत वाटला.

दुपारी चौकात भित्तिपत्रकं लागली. "पहिला स्कुरो नदी महोत्सव, १४ जून. नदीकाठी स्वागत, वाद्यवृंद, सॉसेज. ऐतिहासिक घागर उचलणार: महापौर गालेआत्सो तानक्रेदी."

मी नगरपालिकेत गेले. "घागर प्लंबरांच्या मंडळाकडे असते, महापौरसाहेब. यंदा माझ्या वडिलांची पाळी आहे."

"होती," ते गोड हसून म्हणाले. "धार्मिक मिरवणुकीत होती. पण तुमच्याच अहवालात आहे ना, धार्मिक काही नाही म्हणून? मग ती वारशाची वस्तू झाली. वारसा नगरपालिकेचा. तुमचं वाक्य मी माझ्या भाषणात घेतलंय. फार सुंदर लिहिता तुम्ही."

बुधवार, ६ मे

पपांनी फ्लशची टाकी अंगणातून उचलून भंगारात ठेवली.

मी कारण विचारलं नाही. ते म्हणाले, "गंजलीय." ती प्लास्टिकची आहे.

रात्री मम्मानं सारण भरलेले तोर्तेल्ली केले होते. ऑर्नेल्ला बाळाला घेऊन आली होती. कुणी फार खाल्लं नाही. मम्मा मला म्हणाली, "तुझं काही चुकलं नाही." एवढंच, पण तिनं ते वाक्य तीनदा म्हटलं, आणि चूक नसलेल्या माणसाला कुणी तीनदा सांगत नाही.

मी जे लिहिलं त्यातला प्रत्येक शब्द खरा आहे. तो खरा आहे हे मी आज पुन्हा तपासलं. मग मला एवढं वाईट का वाटतंय?

गुरुवार, २१ मे

सगळं करून पाहिलं. बिशपांच्या सचिवांना पुन्हा फोन केला: मिरवणूक संताची नको, नुसती पाण्याची काढली तर? ते म्हणाले, मिरवणूक ती मिरवणूक. महापौरांना सांगितलं, निदान पपांना तुमच्या शेजारून चालू द्या. ते म्हणाले, त्या जागेवर सॉसेज कारखान्याचे मालक आहेत.

शेवटी मान खाली घालून फादर आत्तीलिओंकडे गेले. मला वाटलं, आता ते ऐकवतील. त्यांनी मला कॉफी दिली.

"ऑर्नेल्लाच्या बाळाचा बाप्तिस्मा चौदालाच आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहे. पण मिरवणुकीशिवाय."

"बाप्तिस्मा बंद करायचा अधिकार बिशपांनाही नाही. आणि बाप्तिस्म्याला संत लागत नाही. मूल लागतं, शब्द लागतात आणि पाणी लागतं. मूल तुमच्याकडे आहे, शब्द माझ्याकडे आहेत." ते खिडकीबाहेर आठकोनीकडे पाहत राहिले. "पाणी नळाचं. कुंडाशेजारचा नळ ओरेस्तेनंच बसवलाय, नाही का? चौकाचा मेन कॉक पण त्यालाच ठाऊक. तळघरात कुठंतरी आहे म्हणे. जुनं काम. अशा जुन्या कामांचा भरवसा नसतो."

मला त्यांच्या बोलण्यात थोडा तुटकपणा वाटला. वय झालंय त्यांचं.

जेवताना विषय काढायचा म्हणून मी हे सगळं सांगितलं. पपा चावायचे थांबले.

"असं म्हणाले? जुन्या कामाचा भरवसा नसतो?"

"तुमच्या कामाला नावं ठेवली म्हणून वाईट वाटून घेऊ नका, पपा."

"छे," पपा म्हणाले. "धर्मगुरू म्हणतोय तर विचार करायला हवा." आणि त्यांनी तोर्तेल्लीची दुसरी ताटली मागितली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

गुरुवार, ११ जून

भंगारातली टाकी पुन्हा अंगणात आलीय. विचारलं तर पपा म्हणाले, पाठीसाठी डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय. खरे डॉक्टर, असंही म्हणाले.

रविवार, १४ जून

आजचा दिवस घडला तसा लिहून ठेवते, कारण इतके योगायोग एका दिवसात मी कधी पाहिले नाहीत.

सकाळी आम्ही सगळे आठकोनीत जमलो. बाळ आजोबांच्या आजोबांचा पांढरा झगा घालून माझ्या हातांत. फादर आत्तीलिओंनी नळ फिरवला. नळानं खोकल्यासारखा आवाज काढला आणि तो गप्प झाला. चौकातल्या एकाही घरात पाणी नव्हतं.

पपा तळघरात उतरले, वर आले आणि डोकं हलवून म्हणाले, "जुनं काम. आज होणार नाही."

मी सुचवलं, समोरच्या बारमधून बाटली आणू. आणली. फादरांनी चष्मा लावून लेबल नीट वाचलं. "यात बुडबुडे आहेत," ते म्हणाले. "बुडबुड्यांच्या पाण्यानं बाप्तिस्मा लागतो की नाही, याबद्दल माझी खात्री नाही." बुडबुडे जाईपर्यंत थांबू, असंही मी सुचवलं. सगळ्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी बाटलीचं बूच पुन्हा लावलं.

"झऱ्यावरून आणायला हवं," पपा म्हणाले. "भांडं पाहिजे. मोठं."

नदीकाठचं मी नंतर ऐकलं ते असं: झऱ्याच्या शेजारीच महोत्सवाचं व्यासपीठ होतं. महापौर खांद्यावरून मानाचा पट्टा घालून उभे, पुढं तांब्याची घागर, जिल्ह्याच्या वाहिनीचा कॅमेरा सुरू. घागर रिकामीच होती. भरलेली उचलून पाहिल्यावर आदल्या दिवशी त्यांच्या कंबरेत उसण भरली होती म्हणे. पपा सरळ व्यासपीठापाशी गेले आणि टोपी काढून म्हणाले,

"महापौरसाहेब, चौकात पाणी नाही. माझ्या नातवाचा बाप्तिस्मा खोळंबलाय. जरा भांडं देता?"

महापौर म्हणाले, "ओरेस्ते, ही ऐतिहासिक वस्तू आहे."

योलांदाताई सॉसेजच्या रांगेतून ओरडल्या, "पोर ताटकळलंय तिकडं! कॅमेऱ्यासमोर नाही म्हणून दाखवा!"

कॅमेरा महापौरांकडे वळला. महापौरांनी घागर स्वतःच्या हातांनी पपांना दिली आणि पाणीटंचाईबद्दल दोन शब्दही बोलले.

पपांनी ती झऱ्यावर काठोकाठ भरली, डाव्या खांद्यावर घेतली आणि ते चालू लागले. मागं प्लंबर मंडळ, त्यांच्या मागं योलांदाताई, मग सॉसेजची सगळी रांग, हातांत पाव घेऊन. वाद्यवृंदाला एकट्या महापौरांपुढं वाजवायचा कंटाळा आला असावा, तेही मागून वाजवत निघाले. रस्त्यात कुणी मेणबत्ती लावली नाही, कुणी संताचं नाव घेतलं नाही. ही मिरवणूक नव्हती, याची मी जबाबदारीनं नोंद करते. गावातल्या एका बाळासाठी पाणी नेलं जात होतं आणि वाटेत योगायोगानं सगळं गाव होतं.

मी दारात बाळाला घेऊन उभी होते. वळणावरून आधी घागर दिसली, मग पपा. मान ताठ, ओठ घट्ट, डोळे समोर. बाराव्या शतकातले आठकोनीच्या कमानीवरचे दगडी कारागीर आहेत ना, बारा महिन्यांची बारा कामं करणारे, द्राक्षं तुडवणारे, डुक्कर मारणारे, ते असेच दिसतात. मी त्यांच्यावर प्रबंध लिहिलाय, आणि त्यांचे चेहरे असे का हे त्यात कुठंच लिहिलेलं नाही.

सगळ्या वाटेत एक थेंब सांडला नाही. फक्त महापौरांच्या घरापाशी पपांचा पाय किंचित अडखळला. तिथं दोन-तीन थेंब पडले, अगदी उंबऱ्यावर. मागं मंडळातल्या कुणालातरी मोठा खोकला आला.

पाणी कुंडात ओतलं. फादरांनी विचारलं, "बाळाचं नाव काय ठेवलंय?"

मी ऑर्नेल्लाकडे पाहिलं. तिनं केव्हिन सोडलाय हे मला माहीत होतं, त्याच्या बदल्यात काय मिळालं ते माहीत नव्हतं. ती पपांकडे पाहत होती. पपा घागर रिकामी करून भिंतीपाशी उभे होते, प्रभावळ नसलेल्या त्या म्हाताऱ्याच्या शेजारी, आणि खांदा चोळत होते.

"जोर्दानो," पपा म्हणाले.

आठकोनीत सगळे आवाज दोनदा ऐकू येतात. हाही आला. योलांदाताई मागून पुटपुटल्या की स्कुरोवर मतदान झालं होतं. पपा वळून म्हणाले, "तिथं लिहिलंय, जा वाच. माझ्या पोरीनं साफ केलंय."

बाळ पाण्याला घाबरलं आणि त्यानं झटकन मान मागे वळवली. मी त्याला घट्ट धरलं. समोरचं मला नीट दिसत नव्हतं, म्हणून पुढचं वर्णन लिहिता येत नाही.

मंगळवार, १६ जून

महापौरांच्या स्वयंपाकघरातला नळ रविवारपासून गळतोय. त्यांनी पपांना बोलावलं. पपा म्हणाले, गुरुवारी बघू.

फलकाचा मजकूर आज पाठवला. "येशूचा बाप्तिस्मा. तेरावं शतक. खाली घागर घेतलेला म्हातारा म्हणजे जॉर्डन नदी; गावात याला ब्रोक्को म्हणतात. पायाला हात लावू नये." शेवटचं वाक्य लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मम्मा म्हणाली, असू दे, आम्ही थोडंच वाचतो.

एका गोष्टीचा उलगडा अजून बाकी आहे. चौकातलं पाणी रविवारी जेवणं झाल्यावर आपोआप आलं, म्हणजे पपा "जरा बघून येतो" म्हणून तळघरात गेले आणि लगेच आलं. वारसा खात्याला अहवाल द्यायचा आहे, बिघाडानं भिंतींना ओल पोचली का ते कळवायचंय. म्हणून आज नाश्त्याला मी पपांना स्पष्ट विचारलं की पाणी नेमकं कशानं बंद झालं.

पपांनी पाव कॉफीत बुडवला. खांद्यावर अजून घागरीचा लाल वळ आहे.

"नदी मागे फिरली असेल, डॉक्टरीणबाई," ते म्हणाले. "फिरते म्हणे. तूच सांगितलंस."

मी अहवालात लिहिलं: कारण ठाऊक नाही. आयुष्यातली पहिलीच अशी नोंद आहे जी मी दोनदा तपासली नाही.